हद्दीबाहेरचा दवाखाना

प्रिय दादा,

खरं सांगते, 'प्रिय' लिहायला हात उचलत नव्हता. दोन कागद फाडले. एकावर 'माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. ज्या माणसाने लहानपणी माझ्या वाटणीचं दूध पिऊन मांजरावर आळ घातला, त्याला माननीय कुठल्या तोंडाने म्हणू? तेव्हा प्रियच. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस, पुढे सगळं कडू आहे. हे ऑफिसात, समोर माणसं बसलेली असताना वाचू नकोस. घरी जा, दार लावून घे आणि मग वाच.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? "ऑफिसचं ऑफिसात, आता आईकडे दे," एवढंच. बरं, माझं ऑफिस कुठलं? ज्या खात्यात तू साहेब, त्याच खात्यात मी नर्स. इथला लहानथोर मला सिस्टर म्हणून हाक मारतो, आणि ज्याची मी खरोखरची सिस्टर आहे तो एकटा माझं काही ऐकून घ्यायला तयार नाही.

तू मीटिंगांमध्ये सांगतोस म्हणे, की मी गावच्याच आरोग्य केंद्रात डॉक्टर होतो, मला तिथली नस न् नस माहीत आहे. दादा, ती नस तू गेल्यावर तुटली. आता डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, तेही त्यांची गाडी सुरू झाली तर. बाळंतपणाच्या खोलीच्या खिडकीची काच फुटून वर्ष होऊन गेलं, तिथे मी सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा लावलाय. तुझं परिपत्रक मात्र तुझ्याच माणसांनी येऊन चौकटीत बसवून लावलं. 'कोणताही रुग्ण जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेण्यास सक्त मनाई.' खिडकीला काच नाही, पण परिपत्रकाला काच आहे. फडक्याने ती पुसताना मी रोज तुला चार शिव्या घालते. आईला ऐकू जाणार नाहीत अशा.

हद्द म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. बाजाराच्या टोकाला नदी, नदीवर पूल आणि पुलाच्या मधोमध तो पिवळा दगड. दगडाच्या पलीकडे दुसरा जिल्हा. त्यांचं हॉस्पिटल पुलावरून वीसेक मिनिटांवर. रक्त आहे, भूल देणारे डॉक्टर आहेत, हृदयाची नवीन मशीनं आहेत. आपलं जिल्हा रुग्णालय घाट ओलांडून, रस्ता बरा असेल तर दोन तास. आणि रस्ता बरा कधी होता ते आठवून सांग. सध्या रुंदीकरण चाललंय, म्हणजे होता तोही उकरून ठेवलाय.

तू हे परिपत्रक का काढलंस ते मला माहीत आहे, उगाच तुला राक्षस ठरवणार नाही. त्या रुग्णालयासाठी तू किती उंबरे झिजवलेस ते मी पाहिलंय. इमारत झाली, पलंग आले आणि आजारी माणसं मात्र पूल ओलांडून पलीकडे जात राहिली. पलंग रिकामे दिसले तर वरचे लोक पलंगच काढून घेतील, डॉक्टर दुसरीकडे नेतील, अशी तुला भीती. खरी भीती आहे, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून पलंग भरायला माणसं घाटातून हाकायची? रुग्णालय माणसांसाठी असतं की माणसं रुग्णालयासाठी? तू वाईट माणूस असतास ना, तर मी एवढी चिडले नसते. गप्प बसून नोकरी केली असती.

बेकरीवाल्याच्या सुनेचं तुला कागदावरून माहीत आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारची वेळ, मूल व्यवस्थित झालं, गोरंगोमटं, जन्मल्या जन्मल्या भांडखोर. सासूने खिडकीतून बाहेर बातमी दिली आणि दोन मिनिटांत तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं, कारण माझा चेहरा तिला दिसला. रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शनं दिली, पोट चोळलं, पुस्तकात आहे ते सगळं केलं. पोरगी पांढरी पडत चालली. अँब्युलन्समध्ये घातली तेव्हा ती मला म्हणाली, "सिस्टर, खूप झोप येतेय." ती झोप कसली असते ते तुला माहीत आहे. आपला ड्रायव्हर भोंगा गाडी चालू करून बसला होता. बाजाराच्या तिठ्यावर त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. उजवीकडे घाट, डावीकडे पूल.

भोंग्याने तुझ्या ऑफिसला लिहून दिलंय, की पुलावरून जायचा निर्णय त्याचा एकट्याचा, सिस्टरचा काही संबंध नाही. साफ खोटं आहे. मी ओरडले होते, "डावीकडे घे, आणि आता मागे बघू नकोस!" तो मला वाचवायला खोटं बोलला आणि तुझ्या लोकांनी ते मुकाट्याने घेतलं, कारण ड्रायव्हरला घरी बसवणं सोपं असतं. साहेबाच्या बहिणीला बसवायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. त्या पोरीला पलीकडे पोचल्या पोचल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्हाला फक्त कागद लिहायचं काम उरलं असतं. आज ती बेकरीच्या गल्ल्यावर बसते आणि ते भांडखोर कार्टं पावाच्या टोपल्या उलट्या करत रांगतं.

आणि त्याचं बक्षीस काय? भोंग्याचं निलंबन. 'शासकीय वाहन विनापरवाना हद्दीबाहेर नेल्याबद्दल.' सहीवर आपलं आडनाव. दादा, भोंगा हे नाव त्याला ठेवलं कोणी? तूच ना? जुन्या जीपचा सायरन बिघडला होता, नवीन कोणी देईना, तेव्हा हा खिडकीतून डोकं बाहेर काढून तोंडाने सायरन वाजवायचा आणि तू मागे पेशंटची नाडी धरून हसू दाबायचास. तेव्हा ती जीप कुठे जायची, सांग? पुलावरून पलीकडे! खडीच्या क्रशरवरचा तो हात चिरडलेला कामगार, विहिरीत पडलेली ती मुलगी, सगळ्यांना तू स्वतः पलीकडे नेलंस. तेव्हा पिवळा दगड नव्हता का? होता. फक्त तू मागच्या सीटवर बसायचास, आता खुर्चीवर बसतोस.

भोंगा आता लाकडाच्या वखारीच्या ट्रकवर आहे. फळ्या पोचवतो. भेटला की म्हणतो, "काही वाईट नाही ताई, फळ्या वाटेत मरत नाहीत." विनोद करतो, पण आमच्या केंद्रावरून जाताना मान वळवून शेडकडे बघतो. त्याची अँब्युलन्स तिथे उभी असते.

त्याच्या जागी तुम्ही जो पाठवलात तो पोरगा गुणी आहे, गाडी जपून चालवतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपला न्हावी कात्रीकाका त्याच्या गाडीत गेला, हे मी विसरू कशी?

कात्रीकाकाबद्दल तुला फोनवर कळवलं तेव्हा तू म्हणालास, दुर्दैवी घटना आहे. मी सांगते काय घडलं. सकाळी दुकान उघडून त्याने एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावला आणि वस्तरा खाली ठेवून खुर्चीत बसला. स्वतःच्याच खुर्चीत, गिऱ्हाइकाला उठवून. छाती आवळून आलेली, कपाळावर घाम. साबण लागलेल्या तोंडानेच ते गिऱ्हाईक मला बोलवायला धावत आलं. मी गोळ्या दिल्या, ऑक्सिजन लावला, गाडीत घेतलं. तिठ्यावर आल्यावर मी म्हणाले, "बाळा, डावीकडे घे." पोरगा थांबला. म्हणाला, "सिस्टर, तुमच्या पाया पड म्हटलं तर पडतो, पण मला दोन लेकरं आहेत. मागच्या ड्रायव्हरचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय." मी पुन्हा सांगितलं, ओरडले, सगळं माझ्यावर घेते म्हणाले. तो म्हणाला, "तुम्ही घ्याल हो, पण देणारे मलाच देतील." काय चूक बोलला? आणि गाडी उजवीकडे वळली.

कात्रीकाकाच्या तोंडाचा पट्टा तुला माहीत आहे. ऑक्सिजनचा मास्क लावला तरी तो बाजूला करून बोलत होता. बोलत कशाबद्दल होता, तर तुझ्याबद्दल! "आपल्या साहेबाच्या डोक्यावर दोन भोवरे. कंगवा म्हणून कधी चालला नाही. मी त्याच्या आईला तेव्हाच सांगितलं होतं, हे डोकं कोणाचं ऐकणार नाही, मोठा होणार." खड्डा आला की थांबायचा, कळ गिळायचा आणि पुन्हा सुरू. मला म्हणाला, "पोरी, रुग्णालय साहेबाने बांधलंय ना? मग पोचू की." जिथे डांबर उकरलंय आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या आळीपाळीने सोडतात, तिथे आम्ही उभे होतो. समोरून खडीचे ट्रक येत होते. त्या ट्रकांच्या धुळीत तो बोलता बोलता थांबला. मला वाटलं, कळ आली असेल. मग मी छाती दाबायला लागले. पोरगा पुढच्या सीटवर हमसून हमसून रडत होता आणि हॉर्न वाजवत होता. ट्रक काही संपत नव्हते.

अहवालात काय लिहिलं तुझ्या माणसांनी? 'वाहन वेळेत निघाले. नियमांचे पालन झाले. रुग्ण वाटेत दगावला.' सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. मी तुला फोन केला. तू आवाज खाली आणून म्हणालास, "हे बघ, मलाही वाईट वाटतं, पण एका केसवरून धोरण बदलत नाही." केस! तो माणूस जन्मभर गावाचे केस कापत होता आणि मेल्यावर तुझ्या फायलीत स्वतःच एक केस होऊन बसला. मी फोन ठेवला. तुला वाटलं, लाइन गेली. लाइन गेली नव्हती, मी ठेवला होता.

आता आईचं सांगते. इथून पुढे बसून वाच.

परवाच्या रविवारी तुझा नेहमीचा फोन आला, तेव्हा आईने तुला सांगितलं की थोडी सर्दी आहे म्हणून आवाज बसलाय. मागे कसला टुंकटुंक आवाज येतोय असं तू विचारलंस, तर म्हणाली, शेजारचं पोरगं खेळणं वाजवतंय. आई खोटं बोलू शकते हे मला या वयात कळलं. आणि बोलते तेही किती सफाईदार!

त्याच्या आधीच्या बुधवारी सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी कामावर निघाले होते. बादली पडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर आई पायरीवर बसलेली, हातात ओला टॉवेल, कपाळावर घाम, जबडा धरलेला. मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. तोच घाम मी कात्रीकाकाच्या कपाळावर पाहिला होता. गोळी चावायला दिली आणि फोन काढला. आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, "अँब्युलन्स नको. ती पलीकडे नेलीस तर त्या पोराची नोकरी जाईल, आणि घाटातून नेलीस तर मी जाईन." कळा येत असताना हे बोलली, दादा. सगळा हिशोब तिने आधीच करून ठेवला होता. कात्रीकाका गेल्यापासून ती मनात तेच घोळवत असणार.

मी वखारीत फोन केला. भोंगा फळ्या भरत होता. अर्धा ट्रक तसाच सोडून, मागचं फळकं न लावता आला. आईला आम्ही दोघांनी उचलून पुढे बसवलं, मी तिला छातीशी धरून. भोंग्याने हॉर्नवर हात ठेवला, तर ही बाई डोळे मिटल्या मिटल्या म्हणते, "वाजवू नकोस. लोक बघतील, साहेबाची आई पलीकडे चालली म्हणतील." आणि मग आम्ही बाजारातून निघालो, हळूच, चोरीचा माल नेल्यासारखे. गाढवाच्या पाठीवरून पण माणूस दवाखान्यात उजळ माथ्याने जातो रे! पिवळा दगड गेला तेव्हा भोंग्याने एकदा मला विचारलं, "ताई, हा गुन्हा दुसरा की तिसरा?" मला हसू आलं आणि रडूही.

पलीकडच्या लोकांनी हद्द विचारली नाही. दारातच स्ट्रेचरवर घेतलं, तार घालून बंद पडलेली नस उघडली. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर येऊन सांगितलं, "वेळेत आणलंत." ते दोन शब्द ऐकून मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. मला आईसाठी आनंद होत होता आणि कात्रीकाकासाठी राग येत होता, दोन्ही एकाच वेळी. त्याच्या बायकोला मी काय सांगू? माझी आई वेळेत पोचली, कारण मी सरकारी गाडी बोलावली नाही?

आई आता धोक्याबाहेर आहे; रविवारी तू फोनवर ऐकलास तो टुंकटुंक आवाज तिच्या पलंगाजवळच्या मशीनचा होता. चार पावलं चालते, शेजारच्या पलंगावरच्या बाईला औषधं कधी घ्यायची ते शिकवते, म्हणजे बरी आहे. तुला कळवू नको असं तिने मला बजावलंय आणि मी हो म्हटलंय. तो शब्द मी आज मोडतेय, त्याला कारण आहे. सोमवारी भोंग्याची चौकशी आहे. समोर तू बसणार, साक्षीला मी येणार. मला विचारतील, त्या दिवशी काय झालं. मी सांगणार की हुकूम माझा होता. शिक्षा करायची तर मला करा. मग विचारतील, त्यानंतर या ड्रायव्हरने पुन्हा कोणाला हद्दीबाहेर नेलं का. मी हो म्हणणार आणि कोणाला तेही सांगणार, कात्रीकाकाच्या बायकोसमोर, कारण ती येणार आहे. हे तुला भर सभेत पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. धमकी नाही. तू माझा भाऊ आहेस, मागून वार करणार नाही, समोरून करीन. सोमवारच्या आत ते परिपत्रक मागे घेशील की खुर्चीत बसून माझं ऐकशील, ते तू ठरव. पण त्याआधी आईला भेटून जा. आणि एक लक्षात ठेव. स्ट्रेचरवरून आत नेताना तिला नाव विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगून टाकलं. नंतर मी तिच्यावर चिडले, तर म्हणाली, "उद्या कोणी कागद काढला तर माझ्या पोराच्या नोकरीवर यायला नको." तेव्हा काउंटरवर आईचं माहेरचं नाव सांग. आपल्या आडनावाची कोणी बाई तिथे दाखल नाही.

रागावलेली असले तरी तुझीच,
धाकटी